सरकीसकट बर्फ

परवा नातवाला घेऊन अमरावतीच्या बाजारात नाताळच्या खरेदीला गेले होते. दुकानदारानं काउंटरवर एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी आपटली आणि म्हणाला, "आजी, हा घ्या बर्फ." आत थर्माकोलचे दाणे. मी हात घालून पाहिलं, तर मेले हाताला चिकटून बसले. झटकले तरी जाईनात. नाकाशी नेले, तर वास म्हणून नाही.

"यात सरकी कुठंय?" मी विचारलं.

दुकानदारानं नातवाकडे पाहिलं, नातवानं माझ्याकडे. "आजी, चल नं, काहून असं बोलते?" तो हळूच म्हणाला. पोराला माझी लाज वाटली असणार, वाटू दे. मी पिशवी घेतली, पैसे दिले आणि रिक्षावाल्याला सांगितलं, जुन्या मिशन कंपाउंडवरून घे बाबा, थोडा वळसा पडला तरी चालेल.

तिथं आता गाड्या उभ्या असतात. कौलारू चाळ गेली, विहीर बुजवली, पण फाटकाजवळचा कडुनिंब आहे. त्याच्या खाली एक पांढरी मोटार उभी होती. नेमकी तिथंच, जिथं दरवर्षी डिसेंबरात आबाजींची बैलांची बंडी येऊन थांबायची! मी रिक्षातून उतरलेच. नातू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता आणि माझ्या नाकात कुठून कोण जाणे, चुन्याचा, तळणाचा आणि कच्च्या कापसाचा वास भरून राहिला.

आम्ही अकरा भावंडं. हो, अकरा! लोक ऐकून हसतात, पण आम्हाला कधी घर भरल्यासारखं वाटलंच नाही. कुणी ना कुणी विहिरीवर, कुणी झाडावर, कुणी शाळेत अंगठे धरून उभं. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांच्या अंगाला कायम फिनेल आणि खोकल्याच्या औषधाचा वास. रात्री प्रार्थनेला बसलो की ते डोळे मिटायच्या आधी आमच्यावरून बोट फिरवून मोजायचे. एखादं कमी भरलं तर प्रार्थना थांबायची आणि मग ते पलंगाखाली झोपलेलं सापडायचं.

नाताळ जवळ आला की त्या घराला वारं भरायचं. आधी चुना. मोठ्या घमेल्यात कळीचा चुना फसफसायला लागला की आम्ही सगळी त्याच्याभोवती, आणि आई लांबूनच ओरडायची, "पोट्टेहो, डोये जातीन नं तुमचे!" मग शेणानं अंगण सारवायचं. मग कापड. बाबा एकच तागा आणायचे, त्या एका ताग्यातून मुलींचे झगे, मुलांचे सदरे, उरलं तर उशीचे अभ्रे आणि खिडकीचा पडदा. एका वर्षी आभाळी रंगावर पिवळी फुलं होती. आम्ही चर्चमध्ये ओळीनं बसलो की कुणी तरी लांबलचक पडदा वाळत घातल्यासारखं दिसायचं. पाळकसाहेब उपदेश करता करता आमच्या बाकाकडे पाहायचे आणि त्यांना हसू आवरायचं नाही. आम्हाला काय त्याचं! नव्या कापडाची खळ अंगाला टोचत असायची आणि त्या टोचण्यातच सगळा आनंद होता.

स्वयंपाकघरात तर उभं राहायला जागा नसायची. शेजारच्या शेवंताबाई म्हशीचं दूध काढून झालं की आमच्याकडे करंज्या लाटायला येऊन बसायच्या. दिवाळीला आमची आई त्यांच्याकडे, नाताळला त्या आमच्याकडे. हा हिशोब कुणी कधी ठरवला नव्हता. त्यांच्या अनारशाला जाळी पडायची तशी आमच्या आईच्या कधी पडली नाही. आई म्हणायची, "शेवंताबाई, तुमच्या हाताले काय लावता हो?" त्या म्हणायच्या, "म्हशीचं शेन!" आणि दोघी हसून हसून लाटणी खाली ठेवायच्या. केक मात्र घरी व्हायचा नाही. संत्र्याच्या साली वाळवून, कुटून पिठात घालायच्या आणि पत्र्याचे डबे घेऊन आम्ही पावाच्या भट्टीवर जायचो. येताना त्या गरम डब्यांवर फडकं धरून, दर चार पावलांनी ते उचलून वास घेत यायचं. ताईचं लक्ष नसलं की कडेची खरपूस पापडी नखानं काढायची.

पहाटे अंधारात प्रभातफेरी निघायची. पेटी, ढोलकी, टाळ आणि थंडीनं फुटलेले आमचे ओठ. गाऊन गाऊन घसा बसायचा. बसलेला घसा मोठ्या ऐटीनं दिवसभर मिरवायचा. बांबूच्या कामट्यांची चांदणी दादा करायचा, पतंगाचा कागद लावून. खळ उकळताना त्यात मोरचूद घालायचं, नाही तर उंदीर चांदणी खातात.

पण आमच्या घरच्या नाताळची खरी गंमत वेगळीच होती, ती म्हणजे बर्फ. बेथलेहेमात बर्फ पडतो की नाही, कोण जाणे. परदेशातून येणाऱ्या रंगीत कार्डांवर पडायचा, म्हणून आमच्याही येशूबाळाच्या गव्हाणीवर पडलाच पाहिजे. आणि तो यायचा चांदूर रेल्वेच्या पलीकडच्या एका खेड्यातून, बैलगाडीनं.

आबाजी म्हणजे आईचे वडील. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा करून कापसाचा पहिला वेचा झाला की ते गाडी भरून अमरावतीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस आणायचे. जाता जाता आमच्या फाटकापाशी बंडी थांबायची. त्यांचा सालदार गडी गणूबा एक भलं मोठं पांढरं गाठोडं डोक्यावर घेऊन आत यायचा. आबाजी बंडीवरच बसून राहायचे. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात बैल हाकायची काठी, म्हणजे तुतारी, आणि तोंड बैलांकडे. आई आमच्या बाबांशी लग्न करून ख्रिस्ती मंडळीत आली त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तेव्हा काय बोलणं झालं, कोण रडलं, कोण ओरडलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. आम्हाला इतकंच ठाऊक की कापूस येतो, पाठवणारा येत नाही.

आई त्या वेळी अंगणात लुगडं वाळत घालत असायची. वाळलेलंच लुगडं पुन्हा काढून पुन्हा घालायची.

"त्यायले म्हना, खाली उतरा म्हना," ती गणूबाला सांगायची.

गणूबा जायचा, परत यायचा. "धनी म्हन्ते, बैल थांबत नाही."

बैल बिचारे निंबाखाली रवंथ करत उभे असायचे. शेपूट हलवतील तर शपथ! आई त्या बैलांकडे पाहायची, "बरं" म्हणायची आणि गाठोडं उचलून आत न्यायची. ओट्यावर बसून आधी ती त्यात तोंड खुपसायची. आम्हाला वाटायचं कापसाचा वास घेते. घेतही असेल.

मग संध्याकाळचं काम सुरू. कंदिलाभोवती चटई टाकून सगळ्या भावंडांनी कापूस निवडायला बसायचं. एकेका बोंडातली सरकी चिमटीनं सोडवायची, कापूस पिंजून एका टोपलीत, सरकी दुसऱ्या टोपलीत. निवडता निवडता बाबा वचनं म्हणून घ्यायचे, चुकलं की जास्तीची ओंजळ. सगळ्यांच्या भुवयांवर, नाकात, केसांत तंतू. दिवा मालवायची वेळ झाली की आम्ही सगळी एकदम म्हातारी दिसायचो. सरकीची टोपली सकाळी शेवंताबाईंच्या भुरीला, म्हणजे त्यांच्या म्हशीला. भुरीला डिसेंबर महिना कळायचा. आमच्या घराकडे तोंड करून हंबरायची.

आणि नाताळच्या दुपारी पंगत बसली की आई एक ताट जास्तीचं वाढायची. आबाजींचं. भात, वरण, रस्सा, दोन करंज्या, अनारसा, केकचा तुकडा. वर पितळी झाकण. "यंदा येतीन," म्हणायची. बाबा ते ताट आपल्या उजव्या हाताला सरकवून घ्यायचे. दिवे लागले तरी कुणी आलं नाही की झाकण निघायचं आणि त्या दोन करंज्यांचे जितकी तोंडं तितके तुकडे व्हायचे. खरं सांगू? आम्हाला मनातून वाटायचं, नकोच यायला आबाजी.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी आमचा अकरावा, दयानंद, चार-सहा महिन्यांचा होता आणि आमच्या मार्थाताईनं ठरवलं की यंदा चर्चमध्ये नको, आपल्याच अंगणात नाटक करायचं. मार्थाताई सगळ्यांत मोठी. शिक्षिकेचं शिक्षण घेत होती, त्यामुळे तिचं मराठी एकदम शुद्ध झालेलं. घरात शिरली की म्हणायची, "मला पाणी हवे आहे," आणि दादा म्हणायचा, "तुले पाह्यजे तर घे नं!" ताईच्या नाटकात मरिया मधली बहीण, योसेफ दादा, मी देवदूत, शिडीच्या वरच्या पायरीवर. आणि बाळ येशू म्हणून खराखुरा दयानंद.

"गाय लागेल," ताई म्हणाली. गाय कुठली आणायची? शेवंताबाई म्हणाल्या, "भुरीले न्या नं. गरीब हाय बिच्चारी."

"बेथलेहेमात म्हैस?" ताई किंचाळली.

बाबा औषधाच्या बाटल्या पुसत होते. म्हणाले, "नव्हती असं कुठं लिहिलंय?" झालं, म्हैस ठरली!

पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा गोठा उभा राहिला, गव्हाण झाली, चांदणी टांगली. आबाजींच्या कापसाचा मात्र पत्ता नव्हता. पंधरा डिसेंबर गेला, वीस गेला. आम्ही शाळा सुटली की फाटकावर चढून रस्ता पाहायचो. बर्फाशिवाय कसला नाताळ! आईचं दुखणं मात्र वेगळं होतं. करंजीची कड मुडपता मुडपता ती एकदम थांबायची. "शेवंताबाई, त्यायची तब्येत तर बरी असन नं?"

"बरीच असन वो. पाऊस लांबला यंदा. वेचा मांगं पडला असन."

"हो, तसंच असन," आई म्हणायची आणि पुन्हा मुडपायला लागायची. पण त्या वर्षीच्या करंज्या तेलात फुटल्या. तिच्या कधी फुटत नाहीत.

नाताळ उजाडला. उपासना झाली, पंगत झाली. ताट वाढलं, झाकलं. चारला नाटक आणि दोन वाजता गाडीच्या चाकांची करकर! आम्ही ओरडतच सुटलो. निंबाखाली बंडी, बंडीवर लाल पागोटं, आणि गणूबा गाठोडं घेऊन फाटकातून आत.

"पाऊस लांबला नं बाई," तो म्हणाला. "वेचाच उशिरा झाला. धनी म्हन्ते, लेकरायचा सन बुडू नये."

आई गाठोड्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर बंडीवर. "बंडी रिकामी हाय, गणूबा."

"आज बजार बंद हाय नं जी. एवढंच आनलं."

एका गाठोड्यासाठी म्हातारा दिवसभराची वाट तुडवून आला होता. आई फाटकाकडे दोन पावलं गेली. मग म्हणाली, "उतरा म्हना."

गणूबा मान खाजवत म्हणाला, "बैल थांबत नाही म्हन्ते." मग त्याचं लक्ष गोठ्याकडे गेलं. "हे काय हाय?" आम्ही दहा तोंडांनी सांगितलं. "बापा! नाटक? मंग बैलायले पानी पाजतो मी तवरोक. वाईच पाह्यतो." आणि गडी बादली घेऊन विहिरीकडे गेला तो तिथंच रमला.

आता कापूस निवडायचा कधी? एका संध्याकाळीही न होणारं काम, हातात तास-दीड तास. लोक यायला लागलेले. ताईनं पदर खोचला. "राहू द्या सरकी. तसाच पसरा. लांबून कोणाला दिसणार आहे?" आणि आम्ही ओंजळीच्या ओंजळी सरकीसकट गोठ्यावर फेकल्या. छपरावर, गव्हाणीत, दयानंदच्या अंगाखाली, मरियेच्या पायाशी. काय तो बर्फ! इतका कधी पडला नव्हता. अंगण लोकांनी भरलं. पाळकसाहेब पहिल्या खुर्चीवर. मी शिडीवर, पाठीला पुठ्ठ्याचे पंख.

मेंढपाळ म्हणून आमची तिघं भावंडं टॉवेल गुंडाळून उभी होती, त्यांचा प्रवेश व्हायचा होता. शेवंताबाईंनी भुरीला आणून गव्हाणीशी बांधलं. भुरीनं एकदा नाक वर केलं. ओळखीचा वास! ती बया जी सुरू झाली, छपराची कड, मरियेच्या पायाजवळचा ढीग, गव्हाणीची कड, बर्फ भराभर आत. लोक हसायला लागले. योसेफ झालेला दादा ओठ न हलवता म्हणतोय, "हड, हड." मरिया बाळाला जवळ ओढतेय. ताई चादरीच्या पडद्यामागून शुद्ध मराठीत ओरडतेय, "तिला कोणी तरी आवरा!" मी शिडीवर, माझं वाक्य पार विसरलेलं.

आणि एकदम भुरी थांबली. तिची मान लांब झाली, डोळे बाहेर आले, तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. कापसाचा बोळा घशात अडकला होता. शेवंताबाई किंचाळल्या, "मेली वो माही म्हैस!" माणसं उभी राहिली, पण पुढं कुणी होईना.

मला शिडीवरून फाटक दिसत होतं. बंडीवरचं लाल पागोटं हललं. आबाजी उतरले. उतरले कसले, उडीच टाकली. घोंगडं खांद्यावर तसंच, हातात तुतारी, धोतराचा सोगा वर धरून म्हातारा फाटकातून आत, लोकांमधून वाट काढत सरळ गोठ्यात. लोकांना वाटलं, मेंढपाळ आला. टाळ्या! पाळकसाहेब मोठ्यानं म्हणाले, "वा! काय वेष केलाय! अगदी हुबेहूब!"

आबाजींनी तुतारी टाकली. एका हातानं भुरीची जीभ बाजूला धरली आणि दुसरा हात कोपरापर्यंत तिच्या घशात घातला. ओढून ओढून ओला बोळा बाहेर काढला, तो जमिनीवर आपटला आणि तिच्या मानेवर थापा मारल्या. भुरी खोकली, शिंकली, मान झटकून मोकळी झाली. कुणाला काय झालं कळलं नव्हतं, कुणाला सगळं कळलं होतं.

"कापूस असा सरकीसगट टाकतेत काय, बह्याड पोट्टेहो?" आबाजी गरजले. "जनावर खाईन नाही तं काय करन?" आणि मग त्यांची नजर गव्हाणीत गेली. दयानंद पाय झाडत पडला होता, गालाला कापूस चिकटलेला. आमच्यातलं एकही मूल त्यांनी तोवर जवळून पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज उतरला.

"अन् ह्या लेकराले सरकीवर काहून झोपवलं? टोचत असन नं त्याले."

ते खाली बसले. भरलेला हात धोतराला पुसला, दुसऱ्या हातानं बाळाच्या पाठीखालची सरकी काढू लागले. मग ते जमेना, म्हणून त्याला उचलूनच घेतलं. दयानंदनं त्यांच्या पागोट्याचा शेव धरला. आणि काय सांगू, पाळकसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली आणि सगळी मंडळी गायला उभी राहिली. त्यांतल्या कितीतरी जणांना अजूनही ते नाटकच वाटत होतं. मी शिडीवर रडत होते, देवदूतानं रडायचं नसतं तरी.

आई पडद्यामागून आली. तिच्या हातात तांब्या होता. वाकून ती एवढंच म्हणाली, "हात धुवा, आबाजी."

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. हात पुढं केला. आईनं पाणी घातलं, ते घालतच राहिली, तांब्या रिकामा झाला तरी. बाबा बाजूला येऊन उभे राहिले. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायची पद्धत. बाबांनी त्या दिवशी हात जोडले. "राम राम, आबाजी."

"राम राम, जवाईबुवा," आबाजी म्हणाले.

"जेवायले चला," आई म्हणाली. मग तिला आठवलं आणि ती फाटकाकडे वळून म्हणाली, "अन् बैल?"

आबाजींनी दयानंदला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "थांबते ते," ते म्हणाले. "गरीब हायेत."

पुढची सगळी वर्षं आबाजी नाताळला यायचे. कापूस घरूनच निवडून आणायचे, एक सरकी सापडायची नाही त्यात, आणि मला मेलीला आमचा तो सरकीवाला बर्फच आवडायचा. परवा निंबाखाली उभी राहून हे सगळं नातवाला सांगितलं. त्यानं मोबाइल केव्हाच खिशात टाकला होता.

"मग आजी, त्या झाकलेल्या ताटाचं काय झालं?"

काय होणार! आबाजी भिंतीला टेकून बसले, आईनं झाकण काढलं आणि आम्ही दहा जण दारात रांगेनं उभे. म्हातारा सावकाश जेवला. पहिली करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली, अनारसा खाल्ला, केकचा तुकडा उलटसुलट पाहून तोही खाल्ला, ताट बोटानं पुसलं. आई समोर बसून प्रत्येक घास पाहत होती आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. त्या वर्षी त्या ताटातलं आमच्या वाट्याला कणभरही आलं नाही.